शंभरातल्या ब्याण्णवांना नकार

माझ्या आईचं रक्त माझ्या वडिलांच्या विरोधात आहे हे आम्हाला एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं, आणि वडील तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसलेले होते. सांगणारी मॅरिव्हिक. टोरांटोतल्या त्या इस्पितळात नव्या फुप्फुसांच्या यादीवरच्या माणसांचं सगळं बघणारी ही नर्स, मनिलाची, उंचीला माझ्या कोपरापर्यंत, आणि वाईट बातमी अशा प्रसन्न चेहऱ्याने सांगायची की ऐकणारा आधी आभार मानायचा आणि मग घाबरायचा. "हे बघा फिलोमीनाबाई," ती म्हणाली, "प्रत्येकाच्या पेशींवर काही खुणा असतात. आपल्या रक्ताला परक्या खुणा दिसल्या की ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ध्यानात ठेवतं. आता पोटातलं बाळ. त्याच्या निम्म्या खुणा बापाच्या. म्हणजे परक्याच. तुमची बाळंतपणं किती?" आई म्हणाली, "सात." मॅरिव्हिक म्हणाली, "तेच तर. तुमच्या रक्ताने फारच ध्यानात ठेवलंय. शंभर जणांची फुप्फुसं आली, तर त्यातल्या ब्याण्णवांना ते नकार देणार." वडिलांनी घसा साफ केला. "आणि माझी?" "तुमची तर मुळीच नकोत!" मॅरिव्हिक लॉटरी लागल्यासारखं म्हणाली. वडिलांनी टोपी काढली. आमच्याकडे पुरुष चर्चमध्ये टोपी काढतो आणि मयताला काढतो. इथे यातलं नक्की कोणतं चालू आहे हे त्यांनाही समजलं नसावं, कारण थोड्या वेळाने त्यांनी ती पुन्हा घातली.

आम्ही लिफ्टने उतरू लागलो. आईच्या नळीतून ऑक्सिजन सुसू करत होता, तेवढाच आवाज. चौथा मजला गेल्यावर वडील दाराकडे बघत म्हणाले, "एकेचाळीस वर्षं." दुसऱ्या मजल्यावर आई म्हणाली, "अरे फॉन्स, मी काय, मुद्दाम केलं?" तळमजल्यावर वडील म्हणाले, "मी तसं म्हटलंय का? मी फक्त वर्षं सांगितली." आणि आम्ही तिघे बाहेर आलो, जगातलं सगळ्यात सभ्य भांडण पोटात घेऊन.

मी लिओ पॉमरॉय, सातवा. वय सव्वीस. न्यूफाउंडलंड बेटावर, प्लासेंशियाच्या आखातात आमचं गाव आहे, आणि आमच्या बेटावर फुप्फुसं बदलत नाहीत. नियम असा की यादीवर नाव हवं असेल तर माणसाने बाडबिस्तरा घेऊन टोरांटोत येऊन राहायचं, आणि सोबत एक जबाबदार माणूस आणायचा, जो सही करतो की मी चोवीस तास हिच्याजवळ राहीन. भावंडांपैकी पाचांना मुलंबाळं, रिचर्ड अल्बर्टात तेलाच्या विहिरींवर. उरलो मी. सेंट जॉन्सला एका कॉल सेंटरमध्ये इंटरनेट बंद पडलेल्या लोकांच्या शिव्या खायची माझी नोकरी होती, म्हणजे आजारी माणसाच्या सेवेसाठी लागणारं प्रशिक्षण पूर्ण झालेलं होतं. वडिलांनी घरी राहायचं ठरलं होतं. पण आठव्या दिवशी त्यांनी विजेची किटली चुलीवर ठेवली, आणि नवव्या दिवशी ते टोरांटोच्या विमानतळावर खारवलेल्या कॉड माशांची पिशवी घेऊन उभे होते. आल्याआल्या त्यांनी इस्पितळात जाऊन आपलं एक फुप्फुस देऊ केलं. मीही केलं, तिथे उभाच होतो, वाईट दिसलं असतं. त्यांनी आमचे आभार मानले, जिवंत माणसाची फुप्फुसं आम्ही घेत नाही म्हणाले, पण कुटुंबांच्या खुणांचा एक अभ्यास चालू आहे, तेवढ्यासाठी रक्त देता का? आम्ही दिलं. तर त्या भलेपणाचं हे असं फळ. बापाच्या खुणांचे दोन संच असतात, प्रत्येक मुलाला त्यातला एक मिळतो, तुला हा मिळालाय, असं मॅरिव्हिकने मला कागदावर दाखवलं होतं. आकडेच आकडे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकापुढे आईच्या रक्ताने मारलेली फुली.

त्या संध्याकाळी चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात सलगम सोलताना माझ्या मनात पहिल्यांदा ते आलं, आणि एकदा आलं ते गेलंच नाही. सात बाळंतपणं. प्रत्येक वेळी तिच्या रक्ताने एकेक दार लावून घेतलं असणार. पण शेवटची कडी कुणी घातली? माझ्या आधीची नोरीन माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सहा मुलं झाली, पाळणा शेजारी देऊन टाकला, आईने केस कापले, आणि मग एके दिवशी मी. घरात माझा उल्लेख 'चुकून' असा कधी झाला नाही. 'पाळणा परत मागून आणावा लागला' असा व्हायचा. समजा सहाव्यानंतर ते रक्त शांत होत आलं असेल. समजा तिच्या आत सगळी धार बोथट होत चालली होती, शंभरातल्या पन्नासांना नकार, चाळिसांना, आणि तेवढ्यात मी नऊ महिने आत बसून, वडिलांच्या निम्म्या खुणा अंगावर मिरवत, ते सगळं पुन्हा पेटवून ठेवलं असेल. मला आठवतो तो तिचा पदराएवढा रुंद एप्रन, त्याला असलेला काकवीसारख्या मोलॅसिसचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि तिच्या पोटावर डोकं टेकलं की आत होणारी गुडगुड, जी मला लहानपणी समुद्राची वाटायची. मी तिथेच झोपायचो. आणि माझ्या कानाखाली दोन बोटांवर तिचं रक्त माझा आकडा ध्यानात ठेवून बसलेलं होतं. सलगम सोलून सोलून लिंबाएवढं उरलं तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली, "त्याने तुझं काय बिघडवलंय?"

रक्त दिलं ती वडिलांची पहिली चूक; आता त्यांनी दुसरी केली. त्यांनी गावी फोन केला, आपल्या बहिणीला, मोनिकाआत्याला. दुपारच्या जेवणापर्यंत गावाला कळलं की फिलोमीनाचं रक्त फॉन्सवर उलटलंय. तीन वाजता आखाताच्या पलीकडून आईच्या बहिणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "चौऱ्याहत्तर साली, लग्नाच्या वेळीच आम्ही सांगितलं होतं," आणि तिचा आवाज इतका तृप्त होता की आईनेही मोडता घातला नाही. पाच वाजता पाद्रीबाबा लाइनवर. अशा परिस्थितीत विवाह ग्राह्य राहतो का, हे ते पाहून कळवणार होते. आणि पुढच्या आठवड्यात चर्चच्या सभागृहात लोकांनी अवयवदानाचे फॉर्म भरले, सगळ्या गावाने, एकशे चाळीस जणांनी. गाव प्रेमळ आहे. फक्त निम्मं गाव पॉमरॉय आहे, आणि त्या सगळ्यांनी फॉर्मच्या समासात प्रामाणिकपणे लिहिलं: 'फिलोमीना सोडून कुणालाही.'

घरात वडील आईपासून लांब राहू लागले. रागाने नव्हे, खबरदारी म्हणून. आपण जवळ गेलो तर तिचे आकडे चढतील असं त्यांच्या मनाने घेतलं. सोफ्यावर झोपायचे. ट्राममध्ये तीन बाकं सोडून बसायचे आणि तिथून हात हलवायचे. एकाच मशीनमध्ये दोघांचे कपडे धुतले तर चालेल का, असं त्यांनी मॅरिव्हिकला फोन करून विचारलं. "चालेल की!" "लिहून द्या," वडील म्हणाले. तिने लिहून दिलं. तो कागद त्यांनी धुलाईच्या मशीनवर चिकटवला आणि तरी आपले मोजे नळाखालीच धुतले. मला हसू यायचं आणि मग सोफ्याच्या बाहेर आलेले ते पाय दिसायचे, वर्षानुवर्षं मासेमारीच्या बोटीवर टेकून वाकडे झालेले, आणि हसू कुठे ठेवावं कळायचं नाही.

खरी भीती दुसरीकडे होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार यादीवरच्या सगळ्यांना इस्पितळाच्या व्यायामशाळेत ट्रेडमिलवर चालावं लागतं. चालू शकणाऱ्यालाच ते ऑपरेशन झेपतं, म्हणून. भिंतीशी ट्रेडमिलची ओळ, प्रत्येकावर एकजण नाकात नळी घालून कुठेही न पोचता चालतोय, आणि शेजारी सोबती आकडे लिहितोय. आईच्या शेजारी सस्कॅचवनचा ओरेस्ट हालुश्का असायचा, गव्हाचा शेतकरी, कमरेच्या पट्ट्याला ताटाएवढं बक्कल. "बाई, तुम्ही सात मुलं काढलीत," तो धापा टाकत म्हणायचा, "मी एकही नाही. माझं रक्त कोरी पाटी. कुणाचीही फुप्फुसं द्या, घेईन. अस्वलाचीही घेईन." आई म्हणायची, "तुझी बायको... सांगत होती... अस्वलाचीच होती... आधीची." पाचव्या आठवड्यात ओरेस्टला फुप्फुसं मिळाली. तिथली रीत अशी की बरी झालेली माणसं पुन्हा त्याच व्यायामशाळेत येतात, पण समोरच्या ओळीत, नळीशिवाय, आणि चालतात जोरात. इकडची ओळ तिकडच्या ओळीकडे बघत राहते. मी चार महिने बघितली. आमच्या बाजूची माणसं तिकडे जात राहिली, दोघं मध्येच यायची थांबली, त्यांची नावं पुन्हा कुणी घेतली नाहीत, आणि आई आपल्या जागी. ऑक्सिजन सहा लिटर, मग आठ, मग दहा. व्यायामशाळेतला माणूस वहीतून डोकं न काढता म्हणाला, "बारापर्यंत बघू. पुढे चालवलं नाही तर यादीचं डॉक्टरांना ठरवावं लागेल." मी घरी येऊन आकड्यांचा आलेख काढला. सरळ रेघ आली. रेघ बाराला कधी पोचते ते मी पाहिलं आणि आलेखावर चहाचा कप ठेवला.

रविवारी साडेबाराला फोन आला. खारं मांस, कोबी आणि सलगम एकाच पातेल्यात उकळत होतं, मटाराची पिशवी बांधून त्यात सोडलेली होती. 'लगेच या' एवढंच मॅरिव्हिक म्हणाली. आई म्हणाली, "पिशवी... बाहेर काढ... लगदा होईल," मग कोट. टॅक्सीत वडील पुढे बसले, अंतर राखून.

इस्पितळात डॉ. सर्किसियन म्हणून एक बाई आल्या, डोळे लाल, आवाज कोरडा. त्या पलंगाच्या कडेवरच बसल्या. "फुप्फुसं चांगली आहेत. रक्तगट जुळतो, आकार जुळतो. खुणांमध्ये एक सोडून काही अडत नाही. ती एक खूण तुमच्या रक्ताला चालत नाही." आईने विचारलं, "कुणाची?" बाईंनी कागद पाहिला. "तुमच्या मिस्टरांकडची. आणि," त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "या मुलाकडचीही. तोच संच." त्या पुढे सांगत होत्या: प्रतिपिंड आहे पण क्षीण आहे, ऑपरेशनच्या टेबलावरच रक्तातला पातळ भाग यंत्राने काढायचा आणि दुसरा भरायचा, मग पुन्हा दोन आठवडे, असं केलेल्या पेशंटांचं बाकीच्यांइतकंच, जवळपास तितकंच बरं चालतं, पण पहिले पंधरा दिवस धोक्याचे, आणि रक्त चिडलंच तर नवी फुप्फुसंही हातची जातील. किंवा नको म्हणा, थांबा, पूर्ण जुळणाऱ्या जोडीची वाट बघा. कधी येईल सांगता येत नाही. "तासाभरात ठरवावं लागेल," त्या म्हणाल्या. मला सगळं ऐकू येत होतं, पण काचेमागून. तोच संच. म्हणजे कुणीतरी परका, आज सकाळपर्यंत जिवंत असलेला, माझी खूण अंगावर वागवत या शहरात फिरत होता. कदाचित ट्राममध्ये माझ्या शेजारी उभा राहिला असेल. आणि आता त्याच्या फुप्फुसांवर बसून मी परत आत जाणार होतो. पहिल्या वेळेला मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळेला निदान तिला विचारत होते.

"नको घेऊस," वडील म्हणाले. दाराशी उभे, टोपी हातात. "फिलो, ऐक माझं. दुसऱ्या कुणाची खूण असती तर गोष्ट वेगळी. माझी आहे. तुझं रक्त तिच्यामागे लागेल. आणि मरशील तू. मी घरी जाऊन काय सांगू? मी मारली म्हणून?"

"इकडे ये," आई म्हणाली.

"इथे बरा आहे."

"फॉन्स. ये. इकडे."

ते आले. चार महिन्यांत पहिल्यांदा पलंगाजवळ. आईने डॉक्टरांना विचारलं, "क्षीण म्हणजे... किती?" बाई म्हणाल्या, "आधीच्या तीन चाचण्यांत उतरतच गेलंय. बाळंतपणांना वर्षं झाली. कधी कधी रक्त विसरायला लागतं." आई थोडी थांबली. तिच्या थांबण्यात आता विचार किती आणि श्वास किती हे सांगता येत नसे. "दिसतंच आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं... राग धरायचा... म्हणजे फुप्फुसं... लागतात. माझ्याकडे... कुठे आहेत?" मग वडिलांकडे न बघता, त्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरून, "घेते मी. ब्याण्णव जणांना... नाही म्हटलं. आता पुरे. सही कुठे करू?"

ऑपरेशन नऊ तास चाललं. मग अतिदक्षता विभागात, आईच्या पलंगाशेजारी त्या यंत्राच्या खुंटीला एक पिशवी लटकलेली, तिच्यात थेंब थेंब जमत चाललेलं काहीतरी पिवळसर, पातळ बिअरच्या रंगाचं. वडील त्या पिशवीसमोर उभे. "हे काय?" नर्स म्हणाली, "तिच्या रक्तातला पातळ भाग. ती प्रतिपिंडं यातच असतात." वडिलांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एकेचाळीस वर्षं, सात मुलं, चौऱ्याहत्तर साली लग्नात पडलेला पाऊस आणि तिच्या बहिणीचे शब्द, समुद्रातला कॉड संपून मासेमारी बंद पडल्यावर घरी बसलेली वर्षं, सगळं असणार त्यात. "एवढंच?" ते म्हणाले.

पाचव्या दिवशी प्रतिपिंडांचे आकडे चढले. चेहऱ्यांवरून कळलं, मॅरिव्हिक हसत आली नाही. दोन दिवस आईच्या बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली खाली जात राहिला आणि मी त्याच्याकडे बघत मनातल्या मनात तिच्या रक्ताशी बोलत बसलो, कॉल सेंटरच्या आवाजात, कारण माझ्याकडे तेवढा एकच शांत आवाज आहे: आपली तक्रार आम्ही समजू शकतो, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया लाइनवर राहा. यंत्र पुन्हा लावलं, आणखी औषधं, आणखी पिशव्या. वडील आता लांब राहायचं विसरून गेले होते, तिची टाच हातात धरून बसायचे, तेवढीच एक जागा नळ्यांविना होती. सातव्या दिवशी आकडा थांबला. आठव्या दिवशी वळला. कुणी विजयाने ओरडलं नाही. नर्सने वहीत लिहिलं आणि जेवायला गेली.

तिसऱ्या महिन्यात, त्या मंगळवारसारख्याच एका सकाळी, आम्ही तिघे मॅरिव्हिकच्या खोलीत. आईच्या नाकात नळी नव्हती आणि म्हणून तिचं नाक मला जरा अनोळखी, उघडं वाटत होतं. औषधांनी चेहरा गोल झालेला, हातांना कंप, आणि मॅरिव्हिक कागद वाचत होती. "फुंकरीची चाचणी उत्तम. छातीचा फोटो उत्तम. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, कुठे इजा नाही. प्रतिपिंड मात्र आहे अजून." वडील खुर्चीत ताठ झाले. "आहे?" "आहे. थोडंसं. पण काही करत नाहीये. फुप्फुसांपाशी नुसतं बसून आहे. कधी कधी असं होतं. का ते आम्हालाही नीट कळत नाही. लक्ष ठेवायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"नुसतं बसून?" आईने विचारलं. "काहीच करत नाही?"

"काहीच नाही."

"मग ते फॉन्सकडून शिकलंय."

वडील आधी दुखावले, मग त्यांनी हिशेब मांडला, आणि मग त्यांचे कान लाल झाले, जे आमच्याकडे आनंदाचं लक्षण आहे. आणि त्या क्षणी, काही ठरवलेलं नसताना, माझ्या तोंडून ते निघून गेलं. सात महिने तोंडात धरलेला तो घास. "ते कुणामुळे झालं?" मी म्हणालो. "मुळात. सातांपैकी कुणामुळे? माझ्यामुळे का?" मॅरिव्हिक हळूच म्हणाली, "अरे, ते कधीच सांगता येत नाही. कुणालाच. कुठल्याही चाचणीत—"

"तू?" आई म्हणाली. "तू कशाला? तू तर आत होतास हेसुद्धा मला चौथ्या महिन्यापर्यंत कळलं नव्हतं. गॅस समजत होते मी." तिने क्षणभर छताकडे पाहिलं. "रिचर्ड," ती म्हणाली. "रिचर्डच. साडेदहा पौंड. दोन दिवस लावले कार्ट्याने. त्याच्यानंतर माझं रक्त कुणाशीच धड बोललं नसणार."

"तसं वैद्यकीयदृष्ट्या—" मॅरिव्हिक म्हणाली.

"तरीच," वडील म्हणाले, आणि फोन काढला. त्यांनी खरंच लावला. स्पीकरवर. अल्बर्टात कुठेतरी वारा सुटला होता, मागे लोखंडावर लोखंड आपटत होतं. "रिचर्ड? मी बाबा. आईच्या दवाखान्यातून बोलतोय. रिपोर्ट आला. सगळं तुझ्यामुळे झालं." वारा. लोखंड. मग माझा सदतीस वर्षांचा भाऊ, ज्याला मी आयुष्यात कधी माफी मागताना ऐकलं नाही, जो एकदा माझ्या सायकलवरून बोट ओढायची गाडी नेऊनही माझ्याच सायकलला बोलला होता, तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "सॉरी, आई."

आई हसली. ती हसायला लागली आणि हसतच राहिली, डोळ्यांतून पाणी, हात छातीवरच्या लांब व्रणावर दाबून, "कार्टं—साडेदहा—सॉरी म्हणतंय—", पुन्हा आत श्वास, पुन्हा हसू. कुणातरी परक्याचा श्वास, माझी खूण असलेला, आणि हसू मात्र तिचं, मी नऊ वर्षांचा असताना स्वयंपाकघरातून ऐकू यायचं ते. मग ते ओसरत ओसरत थांबलं. आणि आम्ही दोघं, वडील आणि मी, उठून तिच्या दोन बाजूंना वाकून उभे राहिलो, वडिलांच्या हातात रुमाल, माझ्या हातात पाण्याचा पेला, ती हसली की येणाऱ्या खोकल्याच्या उबळीची वाट बघत, तिच्या आजारपणाच्या दोन वर्षांच्या सवयीने.

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "काय?" ती म्हणाली.

फोनमधून रिचर्ड वाऱ्यावर ओरडत होता, "हॅलो? काय झालं? कुणी काही बोलत का नाहीये?"